चाळीस बरण्या

हातोडी टेकली, बरणी बद्द वाजली. ओळीने सातवी. मावशींनी हातोडीच पदराला पुसली, जणू दोष तिचा.

तेजाब भरायच्या चिनी मातीच्या बरण्या भट्टीतून निघाल्या की आधी मावशींपुढे यायच्या. पक्की बरणी खणखणते, तडा गेलेली बद्द बोलते. डोळ्याला न दिसणारा तडा मावशींचा कान धरायचा. सव्वीस वर्षं.

"मावशी, सगळ्याच फेकताय? भट्टी बिघडली का?" मुकादम ओरडला. त्याचा आवाजही रांजणातून आल्यासारखा.

"भट्टी नाही, तुझी अक्कल बिघडलीय. हो बाजूला!"

तोंड चाललं, पण दोष बरण्यांचा नाही, आपल्या कानांचा, हे मावशींना कळून चुकलं. चोंदलेलं नाक, ठणकणारं कपाळ वर्षानुवर्षांचं; कान असे कधी बसले नव्हते. मग मावशींनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. काही कळत नसताना नुसती हातोडी टेकवत गेल्या आणि चाळीस बरण्यांवर खडूने पक्केपणाची खूण ओढली.

संध्याकाळी सून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "आजी, नाकाभोवतीच्या पोकळ्या कायम सुजलेल्या आहेत. शरीराचे पहारेकरी साध्या धुळीलाही शत्रू समजून लढत बसलेत. त्या सुजेने नाकामागून कानाकडे जाणारी नळी मिटली, पडद्यामागे पाणी साठलं."

"म्हणजे चोर राहिला बाजूला, राखणदारांनीच घर बुडवलं!"

सून हसली. डॉक्टर हसले नाहीत. "औषधाने पाणी उतरेल बहुतेक. पण सूज आतल्या कानापर्यंत पोचली असेल, तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. तपासण्या करू."

बाहेर आल्यावर सुनेने त्यांच्या कानाला तोंड लावलं. "आई, कामावर बोलू नका. घरी बसवतील."

मावशींच्या डोळ्यांपुढे मात्र कुणाचे तरी हात होते. भरलेली बरणी छातीशी धरलेले. आणि खालून सुटणारं तिचं बूड.

सकाळी ट्रक अर्धा भरला होता. मावशी फळीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "उतरव सगळ्या."

मुकादमाचे ओठ हलले.

"मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही. काल न ऐकताच खुणा केल्यात मी."

अख्खं अंगण थबकलं. मावशींनी मान खाली घातली नाही. बरण्या पेंढ्यात बांधणाऱ्या बायकांतून त्यांनी आपल्या सुनेला पुढे ओढलं, तिच्या हातात हातोडी दिली. "कान तरुण आहेत. वाजव."

सून एकेक वाजवू लागली. मावशी बरणीकडे नाही, तिच्या भुवयांकडे बघत होत्या. अकराव्या बरणीला भुवया आकसल्या. पुढे आणखी दोनदा.

त्या तिन्ही बरण्यांना मावशींनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक उचलून अंगणाच्या कडेच्या खड्ड्यात टाकली. चहूकडे तुकडे उडताना दिसले, कावळे दचकून उठले. बाकी सगळं शांत होतं.