लाईट गेल्यावरची हाक

भिवंडीजवळच्या शेलारला दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची, आणि दर वेळी मला माझाच आवाज ऐकू यायचा. "चांगदेव! ए चांगदेव!" तरणा, टवाळ आवाज. माझा घसा पुढे बिडीने पार फाटला, केस गेले, पण त्या हाकेचं वय काही वाढलं नाही. नऊ वर्षं मी हे सोसलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे एकच होतं आणि तेच मी गिळून बसलो होतो.

ज्याने लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, घाम गाळलाय त्याला लाईट जाणं म्हणजे काय ते कळेल. आमच्या शेडमध्ये चोवीस लूम. शेजारच्याशी बोलायचं तर ओठ दाखवायचे, आवाज काढून उपयोग नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले निम्मे पुरुष लूमवाले, ओठ वाचणारे, त्यामुळे पाळकाचा घसा बसला तरी आमचा उपदेश कधी बुडाला नाही. अशा शेडमध्ये लाईट गेली की सगळं एका दमात थांबतं आणि कान दुखतील अशी शांतता पडते. मग कारागीर उगाच ओरडतात. एकमेकांची नावं घेतात, शिव्या घालतात, कुणी गाणं म्हणतो. दिवसभर न वापरलेला आवाज बाहेर काढायचा, एवढंच. त्याला कारण लागत नाही.

शहाऐंशीचा मे महिना होता. मी तिथला जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. चांगदेव आणि दामू शेजारशेजारच्या लूमवर, दोघेही आमच्याच मंडळीतले. रोजे चालू होते, बरेच कारागीर दुपारच्या नमाजाला गेले होते. मी बाहेर विटांवर ठेवलेल्या पिंपातल्या पाण्याने हात धूत होतो तेवढ्यात लाईट गेली. एरवी दहा जण ओरडले असते, त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. ती शांतता मला सहन होईना. मी हाळी दिली, "चांगदेव! ए चांगदेव, भायेर ये!" आणि पिंपामागे लपलो. येऊ दे, बघू दे इकडेतिकडे, मग हसू. बस, एवढीच माझी अक्कल.

लाईट गेली की आधी हँडल सोडायचं, म्हणजे लूम बंद करायचा, हा लूमचा पहिला धडा. नाही सोडलं तर लाईट आल्याबरोबर लूम मधूनच सुरू होतो आणि आडवा धागा नेणारा धोटा बाहेर उडतो. वीतभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. चांगदेव हाकेसरशी उठला आणि हँडल तसंच राहिलं. दामूच्या ते लक्षात आलं. तो स्वतःचा लूम सोडून चांगदेवच्या लूमवर वाकला, आणि लाईट आली. धोटा त्याच्या कानशिलात बसला. दवाखाना येण्याआधी रिक्षातच तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं.

मातीच्या वेळी चांगदेव वेड्यासारखा एकच सांगत होता, "मला नावानं हाक आली म्हणून मी उठलो." बाळाराम वडील, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांतले सगळ्यांत जुने, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाबा, देवानं तुला हाक मारली. तुझ्याकडं त्याचं काम हाय." बाया रडायला लागल्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो. त्या घटकेला बोललो असतो तर बोललो असतो. पुढच्या घटकेला उशीर झाला होता.

तिथून ते वाढतच गेलं. चांगदेवने लूम सोडला, तीन वर्षं शिकून आला, आजाऱ्यांची, तंटेवाल्यांची, पोरक्यांची सेवा करू लागला. माणूस खरंच सोन्यासारखा निघाला, हे मला आणखी जड जायचं. दर वर्षी मे महिन्यात तो साक्ष द्यायचा. "लाईट गेली. माझ्या नावानं हाक आली. मी उठलो, आणि दामू माझ्या जागी गेला." मंडळी 'आमेन' म्हणायची. मला तर त्यांनी मंडळीचा वडीलच केलं. का, तर त्या दिवशी मी तिथे होतो, मी साक्षीदार.

आणि पहिल्या बाकावर दामूची आई, ठमाबाई, बसलेली असायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. प्रार्थनाघर तीच झाडायची, प्रभुभोजनाची भाकरही तीच भाजायची. साक्ष संपली की लोक चांगदेवला हात मिळवायला जायचे, ती माझ्याकडे यायची आणि हळूच विचारायची, "केसरी, तू वडील हायस, तुला शास्त्र ठावं. देवाला चांगदेवचं नाव म्हाईत व्हतं, माज्या दामूचं न्हाय?" मी म्हणायचो, "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, मावशी." दर वर्षी हेच म्हणालो. माझी जीभ झडली कशी नाही याचं मला नवल वाटतं.

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात चांगदेवची पाळक म्हणून दीक्षा ठरली. ठाण्याहून रेव्हरंड आले. आमच्यात रीत अशी, की दीक्षेआधी उमेदवार गुडघे टेकतो आणि रेव्हरंड विचारतात, "याच्या पाचारणाची ग्वाही कोण देतो?" पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. मग त्याच्याच मंडळीतल्या एका वडिलाने उभं राहून "मी देतो" म्हणायचं आणि पहिला हात त्याच्या डोक्यावर ठेवायचा. बाकीचे हात त्याच्या नंतर. चांगदेवने माझं नाव दिलं होतं.

भिवंडीत लूमची सुटी शुक्रवारची, म्हणून रविवारची आमची उपासना चारही बाजूंनी चालणाऱ्या लूमच्या आवाजातच होते. त्या दिवशीही तसंच होतं. चांगदेवने गुडघे टेकले. रेव्हरंड मोठ्याने म्हणाले, "याच्या पाचारणाची ग्वाही कोण देतो?" मी उभा राहिलो. हात उचलला. आणि लाईट गेली.

पंखे थांबले. आजूबाजूच्या सगळ्या शेड थांबल्या. मी त्या हाकेची वाट बघत राहिलो, आणि ती आली. "चांगदेव! ए चांगदेव!" इतक्या जवळून की मी वळून पाहिलं. मागच्या बाकांवरची माणसं माझ्याकडेच बघत होती, कारण या वेळी ती माझ्या तोंडातून बाहेर पडली होती.

मग थांबण्यात अर्थच नव्हता. "हाक मी मारली होती," मी म्हणालो. "देवानं न्हाय. मी. पिंपापाशी हुतो, टवाळकी केली आन् लपलो. त्यो उठला म्हणून दामू मेला. मी ग्वाही देऊ शकत न्हाय."

रेव्हरंडांनी चांगदेवला विचारलं, "तुम्हांला हे ठाऊक होतं?"

चांगदेवने डोळे उघडले. "व्हय. पिंपाखालून त्याच्या चपला दिसत होत्या. मी हसतच पुढं चाललो होतो, तवाच आत आवाज झाला."

"मग तुमचं पाचारण?"

"देवानं मला बोलावलं का न्हाय, मला आजून ठावं न्हाय, साहेब. दामूच्या जागी मी जिता हाय, एवढं ठावं हाय. तेवढ्यावर सेवा करतो. केसरी सांगंल म्हणून नऊ वर्सं थांबलो. त्याचं त्यानं सांगावं, असं वाटलं. ते चुकलंच माजं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षं मी त्याची साक्ष ऐकली होती, आणि त्या हाकेपाशी त्याने देवाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ते आम्हीच जोडत होतो. मला त्याचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

ठमामावशी उठली. एवढीशी म्हातारी, पण सगळ्यांनी तिला वाट दिली. ती आधी चांगदेवपाशी गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रेव्हरंडांना म्हणाली, "पैला हात माजा धरा. म्या देते ग्वाही. माज्या पोराची जागा राखलीया त्यानं." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग दामूला का न्हाय मारलीस हाक?" तिने विचारलं. नऊ वर्षं देवाला विचारलेलाच प्रश्न होता तो, फक्त आता योग्य माणसाकडे आला होता. "दोघं बी शेजारीच हुते ना रं?"

"तोंडात चांगदेवचं नाव आलं, मावशी," मी म्हणालो.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आता मार."

"काय?"

"हाक. लाईट न्हाय आता, ऐकू जाईल. त्याच्या नावानं मार."

मी रेव्हरंडांकडे पाहिलं, ते खाली बघत होते. चांगदेवच्या डोक्यावर तिचा हात तसाच होता. मी घसा साफ केला आणि ओरडलो, "दामू! ए दामू, भायेर ये!"

फाटक्या घशातून तरणा आवाज निघाला. अख्खी मंडळी दाराकडे बघायला लागली. चांगदेवही गुडघ्यांवरून वळला. दारात ऊन होतं, चपला पडल्या होत्या, आणि कुणी नव्हतं.

"आजून एकदा," ठमामावशी दारावरची नजर न काढता म्हणाली.