तळाशी उरलेलं दूध

“अहो, हात थांबवा ना जरा,” मी म्हटलं. बाकावर ह्यांची बोटं मघापासून टकटक करत होती.

“मी काय केलंय?” हे म्हणाले, आणि हात थांबवून पाय हलवायला लागले.

वीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वस्थ बसणं कुठून जमणार? सुट्टीच्या दिवशी हमखास फोन वाजतो, कुणाचं तरी दूध नासत असतं, आणि आमचा बेत बारगळतो. म्हणून या वेळी लेकीनेच अट घातली होती. मुलांसाठी प्राणी पाळलेल्या या फार्मवर यायचं, तीन वाजता कोकराला बाटलीने दूध पाजायचं आणि बाटली बाबाने तिच्याबरोबर धरायची. आठ वर्षांच्या पोरीने बाकी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मलाही जागा पसंत पडली. डबा घरून आणता येतो, बस फाटकाशी सोडते. आमच्या खिशाला झेपेल अशी सहल दुसरी कुठली?

ह्यांचा फोन बंद करून मी माझ्या पर्समध्ये कोंबला होता.

सकाळपासून आमची नुसती पळापळ चालली होती. बदकं पाहिली न पाहिली तोच ह्यांचं, “चला, पुढे काय?” ससे झाले, गाढव झालं. एका शेळीने माझ्या पर्सचा पट्टा चघळायला घेतला, तेव्हा मात्र हे पोट धरून हसले. “आत फोन आहे म्हणावं, आधी तोच खा!” लेक माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मला वाटलं, जमलं बाई आज.

पावणेतीनला तिला तहान लागली. “आलोच,” म्हणून हे पाणी आणायला कॅन्टीनमध्ये गेले. ह्यांचं ‘आलोच’ मी चांगलं ओळखून आहे, पण फोन माझ्याकडे होता, म्हणून जाऊ दिलं.

तीनची घंटा झाली. कुंपणाशी मुलांची रांग लागली. लेक मागच्या प्रत्येकाला “तू जा आधी” म्हणत शेवटाला सरकली. मी तरातरा कॅन्टीनमध्ये गेले. डीप फ्रीज भिंतीपासून ओढलेला होता आणि त्याच्या मागून ह्यांचे फक्त बूट दिसत होते.

“मी काही सांगितलं नव्हतं हो,” कॅन्टीनवाल्या बाई टॉर्च धरून ओशाळल्या. “तेच म्हणाले, आवाज बरोबर येत नाहीये.”

“पंखा घासतोय,” मागून आवाज आला. “पाच मिनिटं.”

“तिचा नंबर आलाय!”

“पाचच मिनिटं गं. सगळं उघडलंय आता.”

मला रागाने रडूच आलं. इतकी वर्षं मी फोनला शिव्या घातल्या, गिऱ्हाइकांना घातल्या. फोन तर माझ्या काखेत बंद पडून होता. आज ह्यांना कुणीही बोलावलं नव्हतं.

परत आले तर लेक कोकरापुढे गुडघे टेकून बसली होती. बाटली जड होती, तिला पेलत नव्हती. मी धरायला वाकले.

“तू नको, आई,” ती म्हणाली.

हे धावत आले तेव्हा कोकरं आत नेली होती. ह्यांचे हात काळे झालेले, चेहरा फुललेला. “नव्यासारखा चालतोय बघ!” मग ह्यांनी रिकामं कुंपण पाहिलं.

लेकीने बाटली पुढे केली. तळाशी थोडं दूध होतं.

“तुझ्यासाठी ठेवलं होतं, बाबा. कोकरू ओढत होतं, तरी मी मध्येच थांबवलं. पण त्यांची वेळ संपली.”

ह्यांनी दोन्ही हातांनी बाटली घेतली. फार्मवरचा माणूस बाटल्या गोळा करत आला, ह्यांच्याकडे बघून पुढे गेला. हे कुंपणाशी तसेच उभे राहिले. बोटं अगदी स्थिर होती.