दीड दिवसाची पाळी

दीड दिवसाचा गणपती असतो, पाळी नसते, एवढं रुचिताला तेराव्या वर्षापासून ठाऊक होतं. चार दिवस म्हणजे चार दिवस, पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, यात वीस वर्षांत फरक पडला नव्हता. त्यामुळे या वेळची पाळी मंगळवारी सकाळी येऊन बुधवारी दुपारी संपलीसुद्धा, तेव्हा कोलशेतच्या ऑफिसात बसल्या बसल्या तिला आधी बरंच वाटलं. गुरुवार संध्याकाळपर्यंत मात्र त्या बऱ्या वाटण्याचा मागमूस उरला नाही.

कारण होती मालनमावशी, तिच्या आईची सख्खी बहीण. मावशीची पाळी अशीच कमी कमी होत छत्तिसाव्या वर्षी कायमची गेली आणि मूल व्हायचं राहिलं ते राहिलंच. रुचिता तेहतीस वर्षांची. तिला आणि विनीतला मूल हवं होतं आणि चार वर्षं होत नव्हतं. तिने गुपचूप घरी टेस्ट केली. एकच रेघ आली. मग ती बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडली. टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये पाणी मोजून येतं, याचंही भान तिला राहिलं नाही.

पण सासूला होतं. आवडाबाईंना घरातला नळ कोण किती सोडतं, हे झोपेतही कळत असे.

"काय झालं गं?" त्यांनी दारातच धरलं.

रुचिताने सांगून टाकलं. आवडाबाई जुन्या वळणाच्या. सून पाळीत बाजूला बसली की तिला देवघराकडे फिरकू द्यायच्या नाहीत, दिवासुद्धा स्वतः लावायच्या. पण बाई पोटात माया ठेवून होती. दुसऱ्याच दिवशी, विनीतला सुट्टी नाही म्हणताच, त्यांनी स्वतःची कॉटनची साडी काढली आणि सुनेला घेऊन कल्याणला डॉक्टर डेल्फिनकडे निघाल्या.

डॉक्टर डेल्फिन वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं घाईचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रश्नांचा सपाटा लावला.

"वजन उतरलंय एकदम?"

"नाही."

"डाएट, जिम? रात्रीची जागरणं? कसलं मोठं टेन्शन?"

"टेन्शन आत्ता आलंय."

"थायरॉईड? तांबी बसवलेली? गर्भपात?"

"नाही, काहीच नाही."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही," रुचिता म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

डॉक्टरांनी कागद ओढला. "एखाद्या वेळी अशी कमी येते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण मावशीचं सांगतेस म्हणून थायरॉईड करू आणि अंड्यांचा साठा किती आहे तेही बघू. साठा कमी निघाला तर मग वेळ घालवायचा नाही, काय?"

रुचिताने मान हलवली. साठा हा शब्द ऐकल्यापासून तिला मावशीचा तो कोपऱ्यातला एकटा पलंगच दिसायला लागला होता. त्या पलंगावर आता आपली पाळी, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

तिचा चेहरा बघून आवडाबाईंना राहवेना. "अहो डॉक्टर, पोरीचं शरीर ठणठणीत आहे हो. गणपतीत दहा दिवस राबली, पाहुणे, नैवेद्य, सगळं एकटीने. म्हणून तर मी तिला गौरीच्या गोळ्या दिल्या, ऐन सणात अडचण नको म्हणून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कसल्या गोळ्या?"

"गौरीच्या. पाळी पुढे ढकलायच्या. खालच्या नयनकडे पाकीट असतं, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्याजणी त्यातूनच घेतात."

"किती दिवस?"

आवडाबाईंनी बोटं मोजली. "गणपतीच्या दोन दिवस आधीपासून गौरी जाईपर्यंत. मग सोसायटीचा सत्यनारायण निघाला, आणि पूजेला हीच दोघं बसणार होती. म्हणून आणखी. दहा दिवस झाले असतील."

डॉक्टर डेल्फिननी चष्मा केसांतून काढून नाकावर ठेवला आणि रुचिताकडे बघितलं. "मी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

"ती औषधं थोडीच आहेत," रुचिता पुटपुटली. "त्या तर गौरीच्या..."

"गौरी नाही येत गं केमिस्टकडे!" डॉक्टर कडाडल्या. "हार्मोनच्या गोळ्या आहेत त्या! त्यांनी पिशवीचं आतलं अस्तर पातळ होतं. जे वाढलंच नाही, ते चार दिवस जाणार कुठून? आणि मूल हवंय म्हणता, मग आधी कुणाला विचारायचं नाही?"

पण रुचिताच्या छातीवरचा धोंडा त्या ओरड्यानेच अर्धा उतरला. शिव्या खाऊन इतकं बरं वाटू शकतं, हे तिला नवीनच होतं.

तपासण्या तरी झाल्याच. थायरॉईड बरोबर, साठा वयाला साजेसा. "आता पुढची पाळी नीट येते का बघा," डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "आणि ते पाकीट केराच्या डब्यात टाका."

पुढच्या पाळीची इतकी वाट त्या घरात कधी कुणी पाहिली नव्हती. नवरात्र बसलं. नयन पाकीट घेऊन दारात आली, तर आवडाबाईंनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आणि नवमीला, घट मांडलेले असताना, सकाळी सकाळी रुचिता स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

"आई, आली."

आवडाबाईंनी हातातलं लाटणं ठेवलं. बाजूला बस म्हणाल्या नाहीत. "व्यवस्थित?"

"व्यवस्थित."

दसऱ्याला त्यांनी विचारलं, चालू आहे ना? चालू होती. तिसऱ्या दिवशी रुचिता अंथरुणातून उठते तोच त्या तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आज?"

"आजही आहे, आई. पूर्वीसारखीच."

आवडाबाईंचे डोळे पाणावले. त्या आत गेल्या, साखरेची वाटी घेऊन आल्या आणि ती सुनेच्या हातात दिली.

"जा, देवापुढे ठेव."

"आई, तिसरा दिवस आहे."

"माहितीये मला. म्हणूनच तुझ्या हातानं ठेवायची."

रुचिता देवघरात गेली. मागे आवडाबाई विनीतला हाका मारून उठवत होत्या, साखर घ्यायला ये म्हणून. कशाची ते त्यांनी त्याला मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं.