ऑब्रीला घाम फुटला

नवरा गोड बोलायला लागला की हातातलं काम टाकून साखर शोधायची, असा आमच्या घरचा नऊ वर्षांचा रिवाज होता.

एरवी आमचा ऑब्री कसा आहे, हे गावात कुणालाही विचारा. चहा समोर ठेवला तर "यात पत्ती घातली होतीस की नुसती दाखवलीस?" म्हणणारा. बियाण्यांच्या गोदामात तीस वर्षं मुकादमी केली, तिथे माणसांवर ओरडायची सवय लागली ती घरीही सुटली नाही. पण रक्तातली साखर उतरायला लागली की हाच माणूस बिशपसारखा वागे. "थँक यू, एनिड. काय सुंदर चहा केलास." एवढं कानावर पडलं की मी साखरेच्या डब्याकडे धावायची. आणखी दहा मिनिटांत हा जमिनीवर असणार हे मला कळलेलं असे, आणि त्याला मात्र काहीच कळलेलं नसे. सगळी गोम तिथेच होती.

पूर्वी त्याला कळायचं. चोविसाव्या वर्षापासून तो इन्सुलिनवर आहे, तेव्हा ते डुकराच्या शरीरातून काढलेलं असे. साखर उतरली की त्याला दरदरून घाम फुटे, हात थरथरत, ओठांना मुंग्या येत. तो दोन बिस्किटं तोंडात कोंबायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मग सत्त्याऐंशी साली दवाखान्यातून पत्र आलं की आता सगळ्यांना नवीन इन्सुलिन मिळेल, प्रयोगशाळेत बनवलेलं, थेट माणसाच्या इन्सुलिनसारखं. कुणी आम्हाला विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, डॉक्टरांना काय विचारायचं? बऱ्याच जणांना ते उत्तम मानवलं. शेजारची वेरा अजूनही त्यावर टुणटुणीत आहे. आमच्याकडे मात्र घाम गेला, थरथर गेली, मुंग्या गेल्या. साखर न सांगता उतरायला लागली. आणि त्याची घंटा म्हणून मी त्याच्या मागे मागे फिरायला लागले.

खऱ्या घंटांचं दुःख वेगळंच होतं. आमच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, आठ दोर, आठ माणसं. प्रत्येक फेरीला घंटांचा क्रम बदलतो आणि तो कागदावर बघून वाजवायचा नसतो, डोक्यात ठेवायचा असतो. ऑब्री एकेचाळीस वर्षं पाचव्या दोरावर होता. लग्नाच्या आधीपासून. मला मागणी घालायलाही तो सराव संपल्यावरच आला होता, हाताला दोराचा वास घेऊन.

पंचाण्णवच्या मे महिन्यात सराव चालू असताना तो मधेच हरवला. हसत होता, दोर ओढत होता, पण त्याची घंटा भलत्याच वेळी वाजत होती. मनोऱ्याचा प्रमुख डेन्झिल ओरडला, "ऑब्री, थांब." हा म्हणाला, "अवश्य, डेन्झिल, थँक यू." आणि ओढतच राहिला. दोराने त्याच्या तळहाताची साल काढली. चौघांनी धरून बसवला तेव्हा तो पाद्रीबाबांना अगदी अदबीने म्हणाला, "ही जागा माझ्या आईची आहे, पण तुम्ही राहा हो खुशाल."

दुसऱ्या दिवशी डेन्झिल घरी आला. दोघं शाळेपासूनचे. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"हे बघ, लेका. एक टनाची घंटा आहे डोक्यावर. तुझं काही झालं तर मी एनिडला काय तोंड दाखवू?"

"म्हणजे मला काढतोस?"

"काढत नाही. ज्या दिवशी आमच्या आधी तुला स्वतःला कळेल ना, त्या दिवशी ये. तुझा दोर तिथेच आहे."

त्यानंतर दर बुधवारी साडेसातला घंटा सुरू झाल्या की तो खिडकी लावून घ्यायचा आणि रेडिओ मोठा करायचा. मला फार राग यायचा, आणि कुणावर काढावा हेच कळायचं नाही.

दवाखान्यात सांगितलं तर डॉ. थर्लो म्हणाले, वय झालं की असं होतं. तेव्हा ऑब्री अठ्ठावन्नचा होता. मी म्हटलं, वय काय एका पत्रासरशी वाढलं? ते हसले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मग एक दिवस वाचनालयात फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीशेजारी, एक कागद दिसला. 'इन्सुलिन बदलल्यापासून साखर उतरलेली कळत नाही? तुम्ही एकटे नाही.' खाली फोन नंबर. रुग्णांनीच रुग्णांसाठी काढलेली संस्था. मी घरी जाऊन फोन लावला आणि उचलणाऱ्या बाईला सगळं सांगून टाकलं, घामापासून बिशपपर्यंत. मला वाटलं, हिलाही मी वेडी वाटले.

"अगं, तुझा गोड बोलतो का?" ती म्हणाली. "माझा शिव्या देतो. बदली करायची का?"

मी हसले आणि हसता हसता रडले, तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून. तिचं नाव रोझालिंड. संस्था म्हणजे तिचं जेवणाचं टेबल, एक फोन आणि पाकिटांचे ढीग. तिने मला पहिल्यांदा सांगितलं की डुकराचं इन्सुलिन बंद झालेलं नाही. मिळतं, डॉक्टरांनी लिहून दिलं की मिळतं.

"आणि नीट ऐक," ती म्हणाली, "नवीन वाईट आहे असं आपण म्हणत नाही. ज्याला जे मानवतं ते त्याला मिळावं, आणि त्याआधी त्याला विचारावं, एवढंच म्हणतो. तुझ्या नवऱ्याने आपल्या मनाने काही बदलायचं नाही हं. डॉक्टरांकडूनच घ्यायचं."

मी कसायाची मुलगी. आमच्या लिंकनशायर परगण्यात डुकराचं शेपूटसुद्धा वाया घालवत नाहीत. वडील असते तर म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो.

ऑक्टोबरात संस्थेची सभा होती, मी ऑब्रीला ओढूनच नेला. सव्वाशे माणसं. आणि काय सांगू, त्या सभागृहात अर्धी माणसं वक्त्याकडे बघत होती आणि उरलेली अर्धी आपापल्या नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या वरच्या ओठाकडे, कारण साखर उतरली की आधी तिथला रंग जातो. मी पण तेच करत होते. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा ठीक दिसतोय, माझ्या नवऱ्यावरही जरा नजर ठेव, मी बाथरूमला जाऊन येते."

साडेबाराला सगळ्या रुग्णांनी शर्ट वर करून पोटात सुया टोचल्या, कारण एकला जेवण होतं. आणि नेमकं तेव्हाच आरोग्य मंत्रालयातून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले. कागदांची चळत घेऊन. एक वाजला, एक पाच झाले. लोक चुळबुळायला लागले. रोझालिंड उठली आणि गोड आवाजात म्हणाली, "साहेब, फार छान. पण पन्नास-साठ जणांनी इंजेक्शन घेतलंय. तुम्ही आणखी बोललात तर हे लोक उपाशी पडतील, आणि पडतील म्हणजे खरोखरच पडतील." साहेबांनी समोर बघितलं, चेहरा पांढरा झाला, आणि सगळ्यांच्या आधी तेच सँडविचची ताटं वाटायला धावले. त्या दिवशी ऑब्री कितीतरी महिन्यांनी खदखदून हसला. दुपारी एका सुताराने त्याला सांगितलं की जुन्या इन्सुलिनवर त्याचा घाम परत आला. पोरगी परत आल्यासारखं सांगत होता तो. जुनं इन्सुलिन मिळत राहावं म्हणून संस्थेने केलेल्या अर्जावर आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि येताना चारशे पत्रकं घेऊन आलो.

जानेवारीत डॉ. थर्लोंकडे गेलो. रोझालिंडने बजावलं होतं, भांडायचं नाही, विचारायचं. मी वही पुढे ठेवली, आठ महिन्यांत त्रेसष्ट वेळा साखर उतरली होती, त्यातल्या एकाही वेळी ऑब्रीला आधी कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी वही चाळली. "दोन्ही इन्सुलिनमध्ये फरक पडतो असा ठोस पुरावा नाही, बाई."

"मग दिल्याने बिघडणार काय?" मी विचारलं.

ऑब्री खुर्चीत पुढे सरकला. "डॉक्टर, तुमचा अभ्यास माझ्याहून जास्त आहे, मान्य. पण सुई माझ्या पोटात जाते. एकदा तरी मला विचारा ना, कुठलं हवंय."

बराच वेळ त्यांनी पेन बोटात फिरवलं. वाईट माणूस नव्हता तो, घाईतला माणूस होता. "कुठलं हवंय?" त्यांनी विचारलं.

तीन महिने करून बघायचं ठरलं. डोस कमी करून सुरुवात, रोज चार वेळा तपासणी, दर आठवड्याला नर्सचा फोन. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, घाम काही येईना. साखर उतरायची कमी झाली होती खरी, पण उतरली की पुन्हा आपलं "थँक यू, एनिड". मी रोझालिंडकडे रडगाणं गायले. ती म्हणाली, थांब जरा, आणि पाकिटांवर तिकिटं चिकटव.

एप्रिलमध्ये डेन्झिलची आई नव्वद वर्षांची झाली. तिच्यासाठी पाऊण तासाचं अखंड वादन ठरलं होतं. म्हातारी चर्चच्या अंगणात बाकावर घोंगडी घेऊन बसणार होती. आणि आदल्या दिवशी पाचव्या दोरावरचा लायनेल पाठ धरून बसला. सकाळी डेन्झिल आमच्या दारात.

"ऑब्री, दुसरा माणूस नाही रे. आधी तपासून घे. एनिड तुझ्यासमोर उभी राहील. तिने हात वर केला की मी वादन थांबवणार. कबूल?"

"कबूल," ऑब्री म्हणाला. "पण तू चुकलास तर हात कोण वर करणार?"

बावन्न पायऱ्या चढून मी वर गेले. साखर तपासली, आमच्याकडच्या मोजणीत आठ होती, उत्तम; चाराच्या खाली गेली की धोका. एका खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, दुसऱ्यात बिस्किटं, आणि डोळे ऑब्रीच्या वरच्या ओठावर. घंटा सुरू झाल्या. त्याचे हात वर जात होते, खाली येत होते, एकही चूक नाही. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मला त्याचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो आनंदात होता. तीस मिनिटं झाली. छत्तीस. मी पापणी लवू दिली नाही. ओठ ठीक, डोळे ठीक, फेरी ठीक. आता नऊच मिनिटं राहिली म्हणून मी श्वास सोडला.

"थांबव रे डेन्झिल," ऑब्री गरजला. "थांबव, गाढवा. मला घाम फुटलाय."

डेन्झिलने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली, मला काही दिसत नव्हतं. इतकं खणखणीत ओरडतोय, म्हणजे ठीकच असणार. पण डेन्झिलने हुकूम दिला, एकेक करत आठही घंटा थांबल्या. मनोऱ्यात एकदम शांत झालं. मी धावत जाऊन त्याचं बोट टोचलं.

साडेतीन. चाराच्या खाली, आणि आणखी उतरत चाललेली.

मी त्याच्या कपाळाला हात लावला. ओलं होतं. मानही ओली, सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, दोर बांधतानाही थरथरत होते. मी नऊ वर्षं ज्याच्या ओठाकडे बघत जगले, त्याने मला मागे टाकलं होतं. मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या फळीवर बसूनच घेतलं.

"माझ्या आईचं वादन नऊ मिनिटांसाठी घालवलंस," डेन्झिल म्हणाला. मग तो थांबला. आपण मे महिन्यात आमच्या दारात काय म्हणालो होतो, ते त्याला आठवलं असावं, कारण त्याने खिशातून रुमाल काढून आधी स्वतःचे डोळे पुसले आणि मग तोच रुमाल ऑब्रीच्या कपाळावर दाबला.

"बुधवारी साडेसात," तो म्हणाला. "उशीर करू नकोस."

खालून म्हातारीचा आवाज आला, "छान झालं, पोरांनो. शेवट जरा घाईत उरकलात."

सगळे हसत सुटले. नर्सने फोनवर नंतर सांगितलं की साखर वरचेवर उतरू दिली नाही की घाम आपोआपही परतू शकतो, इन्सुलिनमुळेच आला असं छातीठोक सांगता येणार नाही. मी म्हटलं, बाई, ते तुम्ही ठरवा, मी सदरा धुवायला टाकलाय.

पण ते नंतरचं. तेव्हा ऑब्रीने आधी गोळ्या चघळल्या, मग माझ्याकडून बिस्किटं घेतली, एकामागून एक तीन. आम्ही थांबलो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, सहा. थरथर गेली, रंग परत आला. त्याने माझ्याकडे बघितलं, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला,

"थँक यू, एनिड."

माझा दुसरा हात सवयीने खिशात गेला, गोळ्या शोधायला.

"राहू दे ग," ऑब्री म्हणाला. "या वेळी मीच बोलतोय."