लिंबाजीच्या तोंडातलं सोनं

सोनपेठजवळच्या एका गावात लिंबाजी होता, त्याची रुख्मिणी होती, निकिता नावाची लेक होती, आणि त्यांच्या कोनाड्यात मी होतो. मी एक दगड बोलतोय. पितळेसारखा पिवळा, चौकोनी कण्यांचा.

माझा जन्म धरणीच्या पोटातला. भेगांतून उकळतं पाणी चढायचं. त्यातलं लोखंड आणि गंधक जमून माझं अंग झालं, अन् त्याच पाण्यातलं सोनं माझ्या अंगात विखुरलं. पुढं धरणी पुन्हा तापली, तेव्हा त्या सोन्याचे कण सरकत सरकत एकमेकांना बिलगले. पण त्यांचे मणी इतके बारीक, की पिठाच्या एका कणात लाखभर मावावेत!

लिंबाजी दूरच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. छातीत धूळ घेऊन घरी परतला, तेव्हा साहेबाला विचारून मला संगं आणलं.

"रुखमे, यात सोनं हाय. दिसत न्हाई, पण हाय."

"दिसत न्हाई? मंग देव हाय का ते?" ती हसली.

सोनारानं मला कसोटीवर घासलं. काळी रेघ उमटली. "लिंबाजी, खाणीत राहून पितळ बी वळखंना का तुला?"

दुकान हसलं. असलं सोनं घासून कळत नाही, भाजून, विरघळवून बघावं लागतं, हे त्याला कुठलं ठाऊक! लिंबाजीनं त्या दिवसापासून माझं नाव काढलं नाही.

मग त्याचा श्वास अडकू लागला. जाणाऱ्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायची रीत. घरातलं सोनं तर औषधपाण्यात गेलेलं. त्याची बहीण पार्वतीबाई आपल्या गळ्यातला मणी तोडायला लागली. लिंबाजीनं मान हलवली, माझ्याकडं बोट केलं.

"माजंच ठेव."

रुख्मिणीनं बत्त्यानं माझी कपची काढून त्याच्या जिभेवर ठेवली. तो गेला.

"दगड घालून वाटंला लावलंस माज्या भावाला!" पार्वतीबाईनं हंबरडा फोडला, अन् ह्या घरची पायरी सोडली.

पाच वर्षं रुख्मिणी कोनाड्याशी येऊन रडायची. "खरं मिळत होतं, मी खोटं घातलं." मला तोंड असतं तर!

निकिता परभणीला कॉलेजात गेली. तिच्या सरांनी माझा तुकडा तपासायला पाठवला. परवा ती एसटीतून उतरली ती पळतच आली.

"माय, बापूचं खरं होतं. यात सोनं हाय. लय थोडं."

"एका जिभेपुरतं हाय का?"

"हाय, माय."

रुख्मिणी तशीच अनवाणी निघाली. माझा उरलेला तुकडा तिच्या मुठीत. पार्वतीबाईच्या दारात थांबली.

"वन्सं, दगड तपासून आला. सोनं घेऊन गेला हो तुमचा भाऊ."

आतून पार्वतीबाई धावत आली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, अन् मी त्या दोघींच्या मधे होतो.