सात नंबरचा पाहुणचार

माझ्या सासऱ्यांनी पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या मोठ्या यंत्राला एकतीस वर्षं स्वतःच्या हातानं ग्रीस घातलं. चोवीस बेअरिंगं, रोज सकाळी, ग्रीसगनचे मोजून दाब. आणि हेच काम आपोआप करणारी यंत्रणा तिथे बसवायला माझ्या कंपनीनं पाठवलं कुणाला, तर मला. जगात इतके कारखाने आहेत, पण माझं नशीबच मेलं तसं.

यंत्रणा साधी होती. एक टाकी, एक पंप, चोवीस बारीक नळ्या आणि टायमर. ठरल्या वेळी प्रत्येक बेअरिंगला ठरलेलं ग्रीस मिळणार, माणसानं फक्त टाकी भरायची. चाचणी पंधरा दिवसांची. पंधराव्या दिवशी मॅनेजर स्वतः तपासणार, आणि एक जरी बेअरिंग तापलेलं सापडलं तर यंत्रणा परत. तिच्यामागोमाग तुम्हीही घरी बसा, असं माझ्या साहेबांनी मला निघतानाच सांगितलं होतं.

मी बायकोसह सासऱ्यांकडेच उतरलो होतो. ते भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी फक्त मला 'जावईबापू' म्हणायचं सोडून 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. मीठ माझ्या ताटाशेजारी असलं तरी ते माझ्या बायकोकडे मागायचे, आणि ती बिचारी उठून माझ्यासमोरचं मीठ त्यांच्यापुढे ठेवायची.

सहाव्या दिवशी सात नंबरचं बेअरिंग कोमट लागलं. ग्रीस कमी पडतंय असं समजून मी त्या नळीचं प्रमाण वाढवलं. दुसऱ्या दिवशी ते जास्त तापलं. मी आणखी वाढवलं. बेअरिंग उपाशी राहिलं तरी तापतं आणि अजीर्ण झालं तरी तापतं, हे मला पाठ होतं. पण माझं माप मला ठाऊक होतं, एवढ्यानं अजीर्ण होणं शक्यच नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून पंप बघितला, नळ्या बघितल्या, पाणी कुठे मुरतंय ते कळेना. सासरे कामाच्या वेळेआधी तासभर येतात हे दिसत होतं. इतक्या वर्षांची सवय, म्हणून मी सोडून दिलं. मीही शहाणाच.

पंधराव्या दिवशी मॅनेजर पांढराशुभ्र शर्ट घालून आले. सात नंबरवर हात ठेवायला वाकले आणि त्याच क्षणी बेअरिंगचं सील सुटलं. भसकन ग्रीस उडालं ते थेट त्यांच्या छातीवर. मागे उभ्या ऑपरेटरनं हसू दाबायला तोंडावर फडकं धरलं.

"उद्या हे सगळं काढून न्या," मॅनेजर मला म्हणाले.

मी शर्टाकडे बघत होतो. आमच्या यंत्रणेचं ग्रीस निळं असतं. शर्टावर निळ्याबरोबर तपकिरीही पट्टे होते, आणि तपकिरी ग्रीस अख्ख्या कारखान्यात एकाच गनमध्ये होतं. बोललो तर सासऱ्यांची नोकरी गेली, गप्प राहिलो तर माझी. मी गप्प राहिलो. शूरपणानं नव्हे, मला घरी जेवायला जायचं होतं.

सासरे हात पुसत पुढे आले.

"तपकिरी माझं आहे," ते म्हणाले. "हातानं ग्रीस घालणं बंद करा म्हणून तुम्ही सांगितलं होतं, पण रिकाम्या हातानं सात नंबरसमोरून जाववेना. मग ते तापायला लागलं. मला वाटलं, नवी यंत्रणा त्याला उपाशी ठेवतेय. रोज दोन दाब जास्त दिले."

मग मलाही सांगावं लागलं की मीसुद्धा रोज वाढवत होतो. मॅनेजरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, मग शर्टाकडे. गन कपाटात बंद झाली आणि चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायची ठरली. सासऱ्यांनी एकच विचारलं, रोज हात लावून बघितलं तर चालेल का. मॅनेजर म्हणाले, ते तर तुम्हीच बघायचं.

उरलेला दिवस आम्ही दोघं सात नंबरच्या पोटातलं ग्रीस उपसत बसलो. मला त्यांची माफी मागायची होती, पण सुरुवात सुचेना.

रात्री जेवताना सासूबाईंनी माझ्या ताटात भरपूर वाढलं. मी नको म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूनं बायकोनंही वाढलं.

"पुरे," सासरे म्हणाले. "दोघी दोन बाजूंनी वाढाल तर तापतील जावईबापू."

मग त्यांनी हात पुढे केला आणि मीठ मागितलं. माझ्याकडे.