चार कुलपांचं फाटक

मित्रांनो, मला जरा ढकलून बघा. नाही ना उघडत? मी म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या बागेचं मागचं फाटक. लोखंड जुनं, पण बिजागऱ्या अजून ठणठणीत आहेत. माझं काहीच बिघडलेलं नाही, हेच तर दुखतं.

पूर्वी हेब्बाळच्या कारखान्यातून कंपनीची बस आली की जानकी माझ्यातून घरी जायची. तिची चिमुकली नव्या आतून माझ्या खालच्या गजावर उभी राहायची. आईने मला ढकललं की लेकीला झोका मिळायचा. माझी करकरसुद्धा त्या दोघींना गोड वाटायची.

मग बागेत टवाळ पोरं दारू प्यायला बसू लागली. पोलिसांनी मला कुलूप घातलं. पोरांनी रोपं तुडवली, तेव्हा बागखात्याने दुसरं घातलं. दिव्यांची तार चोरीला गेली, तर वीजवाल्यांनी तिसरं. तीन कड्या, तीन कुलपं, शेजारी शेजारी! किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे. पोरं काय, भिंतीवरून येतच राहिली. अडली ती जानकी. तिला वळसा घालून अंधाऱ्या गल्लीतून जावं लागे.

एका संध्याकाळी त्या गल्लीत दोघे तिच्या मागे लागले. ती परत माझ्याकडे धावली. आत नव्या, तिची आजी वनजा आणि गस्तीवरचा पोलीस मंजुनाथ.

"अय्यो, उघडा की हो, बेग बेग, लवकर!" जानकीने मला गदागदा हलवलं.

मंजुनाथने झटकन आपलं कुलूप काढलं. "अक्का, माझं उघडलं. बाकीची दोन माझी नव्हेत!"

"मग तुझं काय ओवाळू?" वनजा किंचाळली.

तो माझ्यावरून चढून पलीकडे उतरेपर्यंत दोघे मंगळसूत्र हिसकावून पसार झाले. नव्याने गजांतून हात घालून आईची ओढणी घट्ट धरली होती. मी मध्ये. बंद.

दुसऱ्या दिवशी तिन्ही खात्यांचे साहेब आले. प्रत्येकाने आपलं कुलूप उघडून दाखवलं. "आमचं तर बरोबर चालतंय!" मग तिघांची मिळून समिती झाली. समितीने काय केलं असेल? चौथं कुलूप आणलं!

मित्रांनो, वनजाच्या बांगडीत सेफ्टी पिनांची माळ आहे, एकीत एक अडकवलेली. कुठलीही एक उघडा, माळ सुटते. कुलपंही तशीच एकमेकांत अडकवून एकच साखळी केली तर कुणाही एकाची किल्ली पुरेल. उद्या तुम्ही साहेब व्हाल, तेव्हा आपलं कुलूप लावण्याआधी शेजारच्याचं बघाल ना?

नव्या अजून गजावर येऊन उभी राहते. मी हलत नाही.

"अज्जी, आज सगळे किल्लीवाले काका आलेत?"

"येतात गं पुट्टी," वनजा तिला उचलून घेते, "पण एकेकटे."